रद्दी-३

शनिवार, २२ फेब्रुवारी

ऑफिसच्या नोंदवहीत काय बिघडलं आणि किती वाजता दुरुस्त झालं एवढंच लिहायचं असतं. कुणी बिघडवलं आणि त्या वेळी माझं डोकं किती फिरलं होतं, त्याला तिथे रकाना नाही. म्हणून ही वेगळी वही.

काल दादाचा रिपोर्ट आला. गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. चौदा मार्चला ऑपरेशन, आमच्याच हॉस्पिटलात. सर्जन म्हणाले, जीव वाचेल, आवाज जाईल. दादा तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. तो म्हणाला, "म्हणजे आता पोरांनी माझ्या ओरडण्याशिवाय गाडी शिकायची? निम्मी नापास होतील." वहिनी हसली नाही. मीही नाही.

आमच्याकडे एक सोय आहे. ज्यांचा आवाज जाणार, त्यांच्याकडून आधीच दीड हजार वाक्यं बोलून घेतात. त्यावरून कॉम्प्युटर त्यांचा आवाज तयार करतो. पुढे पेशंटनं हातातल्या यंत्रावर काहीही टाइप केलं, की यंत्र ते त्याच्याच आवाजात बोलतं. हे काम स्पीच थेरपिस्टचं. तिला सगळे वाचाताई म्हणतात. दादाची पाळी सोमवारपासून. चला, म्हणजे आवाज निदान माझ्या ताब्यात राहील. हॉस्पिटलचे सगळे कॉम्प्युटर आणि त्यांच्यातलं सगळं सांभाळते ती मीच.

आणि नेमकी आत्ताच प्रशासक मॅडमची घाई. दहा मार्चला स्कॅनचं नवं मशीन येतंय, त्याच्या चित्रांना जागा हवी, आणि आमची जागा त्र्याण्णव टक्के भरलेली. तूर्त मी, साठवलेल्या सगळ्याच्या दर एक तारखेला निघणाऱ्या जादा प्रती बंद केल्या. महिनाभर प्रत नसली तर काही आभाळ कोसळत नाही.


सोमवार, २४ फेब्रुवारी

आज दोन नवी माणसं कामाला लागली. रेकॉर्डिंगच्या खोलीत दादा आणि माझ्या टेबलावर होयबा.

होयबा म्हणजे मॅडमनी घेतलेला एआय एजंट. आमची मशीनं हल्ली खरी नसतातच. जागा भाड्यानं घेतलेली, मशीन पडद्यावर तयार करायचं, त्याला पडद्यावरच डिस्क जोडायची, काढायची. ही जोडाजोडी आतापर्यंत मी करत होते. आता त्याला साध्या भाषेत सांगायचं, तो करतो. खरं सांगायचं तर चांगलं करतो. एका मशीनची डिस्क वाढवायला मला अर्धा तास लागायचा, त्यानं चहा गार व्हायच्या आत वाढवली आणि वर विचारलं, "आणखी काही?" कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नाही, म्हणून मी होयबा नाव ठेवलं.

दादाला दुपारी काचेतून बघितलं. कानाला हेडफोन लावून, पाठ ताठ करून बसला होता. मला बघून माइकमध्ये म्हणाला, "पिपाणी आली." लहानपणी माझा आवाज चिरका होता, तेव्हापासूनचं हे नाव. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला हॉस्पिटलभर पिपाणी म्हणून हाक मारतो.


बुधवार, २६ फेब्रुवारी

वाचाताईची तक्रार. म्हणे, "तुझे दादा यादी सोडून भलतंच बोलतात. 'सकाळी बाजारात गर्दी होती' असं वाक्य दिलं की ते म्हणून पुढे 'क्लच हळू सोड' जोडतात. आज तर दहा मिनिटं गेटाबद्दलच बोलत होते."

मी कपाळाला हात लावला. पंचवीस वर्षं झाली त्या गेटाला. दादा मला गाडी शिकवत होता. लायसन्स हातात आलं होतं, सराव चालला होता. शेजारच्या बंगल्याचं गेट मी आडवं केलं. शिकवायच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो, पण दादा म्हणाला, हिनं इतक्या जोरात घातली की माझा ब्रेक लागेपर्यंत सगळं संपलं होतं. बाबांनी जाहीर केलं, हिच्या हातात पुन्हा चाक द्यायचं नाही. मी पण घाबरले होते. लायसन्स दर वेळी नवं करून घेते आणि दोन बस बदलून कामाला जाते.

संध्याकाळी दादा म्हणाला, "तुझ्याशी त्या गेटाचं जरा बोलायचं होतं."

मी म्हटलं, "आवाज वाचव. हॉस्पिटलभर माझी अब्रू घालवून झाली ना?"




शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दादाची दीड हजार वाक्यं झाली! शेवटच्या दोनशेंना आवाज घोगरा यायला लागला होता, पण वाचाताई म्हणाली, "पहिली तेराशे सोन्यासारखी आहेत. हुबेहूब ते स्वतः बोलतील."

तिचं शुक्रवारचं काम मी आज पहिल्यांदा बघितलं. अण्णांनी तिला एक बटण करून दिलंय. अण्णा म्हणजे माझे आधीचे साहेब, रिटायर होऊन चार वर्षं झाली. ती बटण दाबते, चहाला जाते, आठवड्याचे आवाज जाऊन साठतात, आली की दुसरं बटण दाबते, खोलीतला कॉम्प्युटर पुसून साफ. पेशंटचा आवाज खोलीत ठेवायचा नाही असा नियम आहे. मी विचारलं, कुठे साठतात? ती म्हणाली, "ते अण्णांना माहीत. मला बटण माहीत."

अण्णांचं सगळंच तसलं. एकदा व्हायरस घुसला आणि मशीनना जोडलेल्या झाडून सगळ्या डिस्क कुलूपबंद करून गेला. तेव्हापासून त्यांनी नियम केला, की जिवापाड जपायची डिस्क कामापुरती जोडायची, काम झालं की सोडवून ठेवायची, आणि नाव असं द्यायचं की चोरालाही उचलावीशी वाटू नये. पगारपत्रकांची डिस्क अजून 'भंगार-१' या नावानं आहे. हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर एक ओळ नाही.


सोमवार, ३ मार्च

जागेचा प्रश्न एका सकाळीत मिटवला. प्रशासक मॅडम खूश.

होयबाला सांगितलं, कुठल्याच मशीनला न जोडलेल्या डिस्क शोध. सेहेचाळीस निघाल्या. बहुतेक जुन्या, मशीन मेलं आणि डिस्क तशीच राहिली अशातल्या, आणि सगळ्यांचं भाडं चालूच. त्यानं यादी दिली, प्रत्येकीपुढे नाव आणि शेवटची कधी जोडली होती ते. म्हणाला, एकेक ओळ बघून हो किंवा नाही सांगा. मी सुरुवात केली. पाचव्या ओळीवर भंगार-१! त्यानं ती पुसायच्या यादीत घातली होती. मी नाही म्हटलं आणि स्वतःच्या पाठीवर स्वतः थाप मारली. होयबाला काय कळणार भंगार कशाला म्हणायचं ते. वीस वर्षं इथे घासलीत म्हणून मला कळलं. आणखी चार वाचवल्या.

तिसाच्या पुढे गेले तोवर वहिनीचा फोन. दादाच्या थुंकीतून रक्त आलं. ती रडत होती. मी एका हातात फोन, एका हातानं पर्स शोधतेय. होयबाची खाली एक-दोन टिपणं होती, अमकी शुक्रवारी वीस मिनिटं जोडली होती, खात्री करावी, वगैरे. प्रत्येक गोष्टीला शेपूट लावायची त्याला सवय आहे. मी लिहिलं, "उरलेल्या सगळ्या, हो." आणि पळाले.

दादा ठीक आहे. सर्जन म्हणाले, गाठीतून थोडं येतं. बोलणं कमी करा.

पुसलेल्या डिस्क सात दिवस कचरापेटीत राहतात, पुढच्या सोमवारी दुपारी एकच्या सुमारास कायमच्या जातात. एकेचाळीस डिस्क! जागा एकदम एकसष्ट टक्क्यांवर.


शुक्रवार, ७ मार्च

वाचाताई पाचला आली. पुढच्या पेशंटचे आवाज भरायला बटण दाबलं तर 'डिस्क सापडत नाही' येतंय. मी स्कॅन मशीनवाल्यांच्या केबलमध्ये कमरेपर्यंत अडकले होते. म्हटलं, "बाई, तू दुसरंच काहीतरी दाबलं असशील. सोमवारी बघते. तोवर राहू दे खोलीतच." ती म्हणाली, "चार वर्षं तेच बटण दाबतेय." मी म्हटलं, "मग सोमवारपर्यंत नको दाबूस."

हसली नाही ती. लोकांना आजकाल गंमत कळत नाही.

दादाचा आवाज फार बसलाय. कालपर्यंत घोगरा होता, आज हवाच जास्त येते. पण मला काळजी नाही, त्याची तेराशे वाक्यं सोन्यासारखी ठेवलीत. वहिनीला मी तेच सांगितलं, "आवाजाची काळजी तू करूच नकोस." तिनं माझा हात धरला.


सोमवार, १० मार्च, दुपारी साडेबारा

स्कॅन मशीनवाले जेवायला गेलेत म्हणून दोन ओळी. सकाळपासून पाय टेकलेला नाही. होयबानं नऊ वाजता आठवण दिली, "आज दुपारी १२:५८ वाजता ४१ डिस्क कायमच्या जातील. कुठली परत हवी असल्यास सांगा." अकराला पुन्हा तेच. आत्ता पुन्हा. मी आठवणी बंद करून टाकल्या. वाचाताईही दोनदा डोकावून गेली म्हणे. तिला दोन वाजता बघते.


सोमवार, १० मार्च, संध्याकाळ



दोनला वाचाताईच्या खोलीत गेले. अण्णांनी केलेलं ते बटण उघडून आत काय लिहिलंय ते वाचलं. चारच ओळी आहेत. डिस्क जोड, आवाज भर, डिस्क सोडव, झालं असं सांग. डिस्कचं नाव रद्दी-३.

मी ते नाव दोनदा वाचलं. माझ्या टेबलापर्यंत चालत गेले, पळाले नाही, पळाले असते तर खरं झालं असतं असं काहीतरी वाटत होतं. होयबाला विचारलं, रद्दी-३ कुठे आहे?

"आपल्या मंजुरीनुसार ३ मार्चला काढली. आज १२:५८ ला कायमची गेली. परत आणता येणार नाही."

सव्वादोन वाजले होते. मी साडेबाराला इथेच बसून वही लिहीत होते.


मंगळवार, ११ मार्च

ज्यांची जागा भाड्यानं घेतलीय त्यांना सकाळपासून चार फोन. बाई गोड बोलली. सात दिवसांनंतर त्यांच्याही हातात काही नाही.

होयबा शोधत होता, ते मात्र कबूल केलं पाहिजे. त्यानं एक फेब्रुवारीची जुनी प्रत काढली. तिच्यात कंडक्टर मावशींचे आवाज मिळाले. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या, फेब्रुवारीच्या मध्यावर ऑपरेशन झालं, आता बोलू शकत नाहीत. त्यांचे जर गेले असते तर... मला खुर्चीत बसवेना. बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांचे वाचले.

एक मार्चची प्रत असती तर दादाचाही वाचला असता. ती मीच बंद केली होती.

अण्णांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, सोडवून ठेवलेली डिस्क सगळ्यात सुरक्षित. जोडलीच नाही तर कोण हात लावणार?" मी म्हटलं, "मी लावला, अण्णा." ते म्हणाले, "मी लिहून ठेवायला हवं होतं." ते तसं म्हणाले म्हणून मला क्षणभर बरं वाटलं, हेही लिहून ठेवते.

वाचाताईला सांगितलं की शोधतेय. संध्याकाळी दादाकडे गेले. दादा पलंगावर उशांना टेकून बसला होता. कुजबुजला, "माझा माल नीट ठेवलायस ना गं?"

मी म्हटलं, "हो."

वहिनी चहा घेऊन आली. मी प्याले.


बुधवार, १२ मार्च

प्रशासक मॅडमनी खुलासा मागितला. मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाल्या, "एजंटनं डिस्क पुसली असं लिहा ना. नवीन आहे, चुकतो. त्याच्या डोक्यावर खापर फोडलं तर त्याची काही पगारवाढ थांबणार नाही. तुमची मात्र दोन वर्षांत बढतीची फाइल निघायची आहे, हो की नाही?"

खरं आहे. कुणीच काही विचारलं नसतं. मी टेबलावर आले आणि होयबालाच सांगितलं, रद्दी-३ चा अहवाल लिही. मनात होतं, त्याच्याकडून लिहून घ्यावं आणि मग मला हवं तेवढं ठेवावं. त्यानं लिहिलं ते इथे उतरवते, कारण ते मी आज दहादा वाचलंय.

"३ मार्च, १२:५२. ओळ ३८, रद्दी-३: शुक्रवारी वीस मिनिटे जोडलेली होती, नियमित वापरात असावी, खात्री करावी, अशी सूचना दिली. १२:५८. उत्तर आले: उरलेल्या सगळ्या, हो. सूचना दिलेली ओळ मी या उत्तरात धरायला नको होती, वेगळे विचारायला हवे होते. ती चूक माझी. मंजुरी विभागप्रमुखांची. सात दिवसांत तीन आठवणी दिल्या. त्यानंतर आठवणी बंद करण्यात आल्या."

विभागप्रमुख म्हणजे मी. मला इतका राग आला. शिव्या घातल्या असत्या तर चाललं असतं. त्यानं आधी स्वतःची चूक सांगितली आणि माझ्या वाटणीची एका ओळीत, तारीख-वेळेसकट, मांडून ठेवली. शेवटची दोन वाक्यं मी पुसली. परत टाकली. पुन्हा पुसली. चहाचे दोन कप झाले. मग एक अक्षर न बदलता खाली स्वतःचं नाव घालून मॅडमना पाठवला. धैर्य वगैरे काही नाही. मला एवढंच सुचलं, की दादाला सांगताना मला हे वाचून दाखवता येईल, स्वतःचे शब्द शोधावे लागणार नाहीत.

पण तिथे गेल्यावर कागद पर्समधून निघालाच नाही. मी दारातच म्हटलं, "दादा, तुझा आवाज मी पुसला."

वहिनीला आधी कळलंच नाही. मग कळलं. "काल तू हो म्हणालीस," ती म्हणाली. "माझ्यादेखत हो म्हणालीस. तुझ्या भावाचा आवाज होता गं तो, तुमच्या ऑफिसातली रद्दी नव्हे." तिला डिस्कचं नाव माहीत नव्हतं.

दादा खिडकीबाहेर बघत होता. खाली त्याची शिकवायची गाडी उभी असते. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर्जनना विचार, उद्या किती बोलू देतील."

विचारलं. उद्या दिवसभरात मिळून एक तास. तुकड्यातुकड्यानं. दम लागला की बंद.


गुरुवार, १३ मार्च

दादा आज भरती झाला. नऊला पहिली वीस मिनिटं, बाराला दुसरी, चारला तिसरी.

वाचाताईनं रात्रीतून दीड हजारांची दीडशे वाक्यं केली, सगळे आवाज येतील अशी. मला एका शब्दानं बोलली नाही, फक्त म्हणाली, "तू आत बस. पाण्याचा पेला धर आणि दम लागला तर थांबव." म्हणून मी काचेच्या आत होते.

दादाचा आवाज म्हणजे आता पत्र्यावर काहीतरी ओढल्यासारखा. एक वाक्य, मग श्वास. एक वाक्य, मग पाणी. 'सकाळी बाजारात गर्दी होती.' त्याला खोकला यायचा आणि तो हातानंच सांगायचा, पुन्हा घ्या. शिकवताना पोरांना दहादा तेच वळण घ्यायला लावतो, तसं स्वतःला लावत होता. मी पेला धरून बसले होते आणि मला एकच दिसत होतं, उरलेल्या सगळ्या, हो.

दीडशे झाली तेव्हा सहा मिनिटं उरली होती. त्यानं यादी बाजूला ठेवली आणि स्वतःची सुरू केली. "क्लच हळू सोड." "आरसा बघ." "इंडिकेटर." "आता निघ." "तुझ्या वहिनीला म्हणावं, मीठ कमी आहे." वाचाताई हसली, काचेपलीकडे वहिनी रडत होती. मग तो माझ्याकडे वळला. "पिपाणी, त्या गेटाचं..."

खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, "दादा, दोन मिनिटं उरलीत. गेट राहू दे. 'शाब्बास' म्हण, ते शिकवताना लागेल तुला."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि शाब्बास म्हणाला. तीनदा. तिसरं अर्धंच आलं.

एकशे चौऱ्याहत्तर वाक्यं. आज तीन ठिकाणी तीन प्रती ठेवल्या. प्रत्येकीला नाव दिलं, दादाचा आवाज. दोनदा उघडून ऐकलं. होयबाला सांगितलं, या नावाला मी जरी पुस म्हटलं तरी पुसायचं नाही.

तो म्हणाला, "नोंद घेतली. आपण पुन्हा सांगितलंत तरी विचारीन."


शुक्रवार, १४ मार्च

सात तास. सर्जन बाहेर आले, मास्क काढला, मान हलवली. गाठ पूर्ण निघाली. वहिनी मला बिलगली. चूक माफ झाली असं नाही. आज तिथे जवळचं दुसरं कुणीच नव्हतं.


सोमवार, ३१ मार्च

दोन लेखी शिक्षा. एक, पगारवाढ एक वर्ष बंद. दोन, प्रत्येक डिस्कचं काम काय ते माझ्या हातानं लिहून काढायचं. दुसरी मीच मागून घेतली. भंगार-१ चं नाव आता 'पगारपत्रकं' आहे. अण्णांना सांगितलं, त्यांना झोंबलं.

वाचाताई म्हणते आवाज तयार होतोय. मी विचारलं, कसा? ती म्हणाली, "त्यांचाच आहे. पण तेरा मार्चचा आहे, अठ्ठावीस फेब्रुवारीचा नाही."


बुधवार, ९ एप्रिल

दादाला आज यंत्र मिळालं. तपासणीला त्याच्या स्कूलचा दुसरा मास्तर गाडीतून सोडून गेला होता आणि मग एका पोराची परीक्षा आहे म्हणून बसनं पळाला. वहिनी घरी. दादाला मान वळवता येत नाही, म्हणजे गाडी चालवायची नाही. मी म्हटलं टॅक्सी बोलावते. त्यानं किल्ली माझ्या मांडीवर टाकली.

मी नाही म्हटलं. चारदा नाही म्हटलं. तो शांतपणे जाऊन मास्तरच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि यंत्र मांडीवर घेतलं. मी चाकामागे बसले तेव्हा तळहात इतके ओले होते की चाक सटकत होतं.

त्यानं बोटानं एक चौकोन दाबला. "क्लच हळू सोड."

तो आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. घोगरा, हवेचा, मध्येच फाटणारा. आयुष्यभर आता हाच. वर्गात हाच, घरात हाच, फोनवर हाच. मी दिलेला. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या आणि गाडी बंद पडली.

"क्लच हळू सोड." पुन्हा दाबलं.

निघालो. पहिला, दुसरा. चौकापर्यंत मागून सगळे हॉर्न वाजवत होते. मी त्याच्या पायाकडे बघत होते. त्याच्या बाजूच्या ब्रेकवर पाय होता, पण टेकलेला नुसता. अर्ध्या वाटेवर त्यानं हातानं खूण केली, कडेला घे. मी घेतली. तो टाइप करायला लागला. एका बोटानं, किती तरी वेळ. मग यंत्र बोललं.

"त्या दिवशी गेटापाशी ब्रेकवर माझा पाय नव्हताच. मी समोरच्या गच्चीवरच्या मुलीकडे बघत होतो. तुला थांब म्हणालोच नाही. बाबांना मात्र तुझं नाव सांगितलं. फेब्रुवारीत हेच बोललो होतो दहा मिनिटं. तेव्हा आवाज चांगला होता."

पंचवीस वर्षं! रोज दोन बस, येता-जाता चार, कडेवर मूल असताना, पायाला प्लास्टर असताना. मला वाटलं किल्ली काढून त्याच्या अंगावर फेकावी आणि चालू लागावं. इतका राग मला कधी आला नव्हता. मी तोंड उघडलं आणि तो माझ्याकडे वळायला गेला. मान वळेना, म्हणून अख्खा खांद्यातून वळला. गळ्याला पट्टी. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मी म्हटलं, "फिट्टंफाट?"

त्यानं डोकं हलवलं. नाही. बोट यंत्रावर आलं, चौकोन शोधत होतं.

"आरसा बघ," यंत्र म्हणालं. "इंडिकेटर. आता निघ."

मग त्यानं ब्रेकवरचा पाय उचलला, मला दिसेल असा, आणि सीटखाली मागे घेतला.

मी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि निघाले.